मायच्या हातचे शेवटचे बिबडे

बोरीकाठची (२९ मार्च)

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तीन आठवडे उरलेत. त्या दिवशी घरातल्या गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. यंदा आमच्या घागरीत माय आहे.

बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिलाच काढतेय. घरात एक डबा आहे, त्याचं काय करू एवढंच विचारायचं आहे. पण डब्यापर्यंत यायला जरा लांबून यावं लागेल.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठी. चार एकर कोरडवाहू, त्यात कापूस, बांधाला तूर. मायचं लग्न सोळाव्या वर्षी झालं. घरची वेचणी संपली की ती दुसऱ्याच्या शेतात किलोवर कापूस वेचायला जायची. माझ्या डी.एड.ची फी त्या किलोंतून गेली. त्याचा हिशेब कोठीमागच्या भिंतीवर खडूने असायचा, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. अक्षरं तिला हरिपाठापुरती येत.

मी धुळ्याला शिकायला होते तेव्हा दर सोमवारी सकाळच्या एस.टी.ने डबा यायचा. कंडक्टर बदलले, डबा चुकला नाही. कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी पाटोड्या. एकदा डबा धुऊन रिकामा परत पाठवला तर माय चिडली. रिकामं भांडं परत देतात का कुणाचं? तेव्हापासून मी त्यात बोरं, चिंचा, काहीच नसलं तर मूठभर फुटाणे घालून पाठवायचे.

२०२२ च्या पावसाळ्यात तिचं पोट फुगायला लागलं. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. ‘माले काय व्हयेल नही, वायू धरस.’ तालुक्याच्या एका डॉक्टरांनी पाच महिने गॅसच्या गोळ्या दिल्या. शेवटी माझ्या वहिनीच्या लक्षात आलं की सासूबाईंचं झंपर ढिलं होतंय आणि परकराची नाडी पुरत नाहीये. हात-गळा वाळत होता आणि पोट वाढत होतं. बायांनो, हे वाक्य दोनदा वाचा. सोनोग्राफीत पोटात पाणी निघालं. अंडाशयाचा कॅन्सर, तिसरी स्टेज.

घरात बैठक बसली आणि ठरलं, तिला सांगायचं नाही. भाऊ म्हणाला पोटात गाठ आहे म्हणू. खान्देश एक्सप्रेसने वांद्रे टर्मिनसला उतरलो, टॅक्सीत बसलो. भाऊ ड्रायव्हरला हळूच म्हणाला, परळ, टाटा. माय खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, ‘टाटा म्हंजे काय, ते माले बी ठाऊक शे.’ पुढे कुणीच काही बोललं नाही. आम्ही तिच्यापासून लपवत होतो आणि ती आमच्यासाठी लपवू देत होती, हे मला फार उशिरा कळलं.

तीन केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा तीन केमो. दर एकवीस दिवसांनी एक. केस गेले, पण डोक्यावर पदर असतोच, त्यामुळे गावाला तीन महिने पत्ता लागला नाही. वॉर्डात शेजारच्या खाटेवर बिहारची एक बाई होती. हिला हिंदी येत नाही, तिला मराठी येत नाही. दोघी तासन् तास बोलायच्या, ही अहिराणीत आणि ती तिच्या बोलीत. सुनांबद्दल बोलतात एवढं मला नक्की कळायचं.

मग दीड वर्ष बरं गेलं. खरंच बरं. आणि २०२४ च्या चैत्रात तिने हट्ट धरला की बिबडे घालायचे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. ज्वारी भिजवायची, भरडायची, कणी आंबवायची. पहाटे अंधारात मोठ्या पातेल्यात घाटा हाटायचा, म्हणजे ती कणी घोटत घट्ट शिजवायची. त्यात तीळ, लसूण, मिरची, जिरं. गल्लीतल्या चार जणी येतात. मग गच्चीवर ओल्या धोतरावर तो कढत घाटा पाण्याच्या हाताने थापायचा, ऊन चढायच्या आत. पोरं नुसता घाटा तेल घालून खातात ती वेगळीच मजा. मायचे बिबडे गल्लीत नावाजलेले. कडेपासून मधोमध सारखे, उन्हाकडे धरले तर पलीकडचं बोट दिसावं असे.

त्या वर्षीचे तसे झाले नाहीत. केमोनंतर तिच्या बोटांना मुंग्या यायच्या त्या कधी गेल्याच नाहीत. ती म्हणायची, हात मनाच शे पन माले लागत नही. थापताना जाड किती, पातळ किती, हे तिला बोटांनी कळत नव्हतं. मधे जाड, कडेला फाटके. दुपारी मी तिचे हात पाहिले तर दोन बोटांना फोड आले होते. तिला चटका बसलेला कळलाच नव्हता.

त्या दिवाळीत दुखणं परत आलं.

गेल्या श्रावणात कानबाई, आमची खान्देशातली देवी, बसली तेव्हा तिला उठवत नव्हतं. आमच्याकडे रोटाचे (प्रसादाच्या पोळ्यांचे) गहू घरातल्या प्रत्येक माणसामागे सव्वा मूठ घेतात, आणि मूठ मायची. वहिनी म्हणाली, मी घेते. माय म्हणाली, ‘तुनी मूठ मोठी शे, पन रोट मनाच हातना.’ भिंतीला टेकवून बसवलं, पुढ्यात सूप ठेवलं. एकेकाचं नाव घेऊन तिने गहू काढले. मूठ एवढीशी झालेली. त्या वर्षी रोट कमी पडले, पहिल्यांदाच.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गेली. एकसष्ट वर्षांची होती.

आता डबा. पंधरा किलो तेलाचा पत्र्याचा डबा, झाकण बिजागरीचं. त्यात ते जाडे-फाटके बिबडे आहेत, खाली-वर कडुनिंबाचा पाला घालून तिनेच रचलेले. दोन वर्षं होतील. कुणी तळत नाही, कुणी टाकत नाही. उघडला की लसणाचा वास येतो आणि मी झाकण लावते. काय करावं?

वरणबट्टी (२९ मार्च)

ताई, ‘आमच्या घागरीत माय आहे’ इथेच थांबलो होतो, मग अर्ध्या तासाने पुढे वाचलं. आमची माय २०११ ला गेली, तोंडाच्या कॅन्सरने. मिशरी. सकाळी तव्यावर तंबाखू भाजायचा तो वास म्हणजे माझ्यासाठी सकाळ. आम्ही पोरं तिच्या हातून डबी हिसकून घ्यायचो, पण खेळ म्हणून. ती वाईट असते हे कळायला लागलं तेव्हा तिचं तोंड दोन बोटं उघडत होतं. अजूनही गावात बाया लावतात. हटकलं तर म्हणतात, दात दुखतात.

डब्याबद्दल मला सुचत नाही. मायची एक गोधडी माझ्याकडे आहे, मी ती वापरतो. धुवायला मात्र बायकोला देत नाही.

गोळी_आणि_काढा (३० मार्च)

व्यवसायाने डॉक्टर आहे, नाशिकला. कॅन्सरतज्ज्ञ नाही, पण ताईंनी जे लिहिलंय त्यात दोन गोष्टी सगळ्यांच्या कामाच्या आहेत.

पहिली, बोटांच्या मुंग्या. या आजारात बहुधा कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही जोडी देतात. पॅक्लिटॅक्सेलने हातापायांच्या टोकांच्या नसा दुखावतात. काहींचं काही महिन्यांत सुधारतं, काहींचं राहतं. अशा पेशंटला चुलीजवळ, गरम पाण्याजवळ जपायला सांगावं लागतं, आणि अनवाणी फिरू द्यायचं नाही. शेतातल्या बायांना हे दुसरं सांगणं म्हणजे अवघडच.

दुसरी, पाच महिने गॅसच्या गोळ्या. राग येणं साहजिक आहे, पण हा कॅन्सर असाच फसवतो. पोट फुगणं, लवकर भरल्यासारखं वाटणं, ओटीपोट दुखणं, वारंवार लघवीला जाणं, यातलं काहीही गॅसचं वाटू शकतं. चाळिशीपुढच्या बाईला हे नव्याने सुरू झालं आणि दोन-तीन आठवडे रोजच्या रोज होत असेल तर सोनोग्राफी करा. धडधाकट बायकांची सरसकट सीए-१२५ची रक्ततपासणी करून जीव वाचतात का, हे ब्रिटनमध्ये दोन लाखांवर बायकांवर तपासलं. २०२१ ला निकाल आला, मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून पॅकेजमधली ही तपासणी करून निर्धास्त होऊ नका.

आणि ताई, तुमच्यासाठी. यातले साधारण दहा-पंधरा टक्के कॅन्सर घराण्यातून येतात, बीआरसीए नावाच्या जनुकांतल्या दोषामुळे. मायची ती तपासणी झाली होती का? दोष असला तर प्रत्येक अपत्यात येण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. तुमच्या भावालाही हे लागू आहे. घाबरवत नाही, विचारून ठेवा.

बोरीकाठची (३० मार्च)

डॉक्टर, झाली होती. नाही निघाला. तो रिपोर्ट आला तेव्हा ती होती. कागदात काय लिहिलंय विचारलं, सांगितलं की आम्हा पोरांना यातून भीती नाही. त्या दिवशी ती पोटभर जेवली. स्वतःच्या कुठल्या रिपोर्टवर ती एवढी जेवलेली मला आठवत नाही.

मुंग्यांचं कळलं. मला वाटायचं मीच तिला नको म्हणायला हवं होतं.

निसर्गमित्र७ (३० मार्च)

वाईट वाटले. पण केमोनेच माणूस जातो हे लोकांना कधी कळणार? सोनगीरच्या पुढे एक बाबा झाडपाल्याने चौथी स्टेज बरी करतात. माझ्या ओळखीत तीन जण. नंबर हवा असल्यास व्यनि (खासगी निरोप) करा.

बोरीकाठची (३० मार्च)

नको. माझ्या चुलतमामीने असाच एक काढा सहा महिने घेतला, स्तनातली गाठ लिंबाएवढी असताना. दुखत नाही म्हणजे साधी असणार, असं तिला त्या माणसाने सांगितलं होतं. सुरुवातीची गाठ बहुधा दुखतच नाही. टाटाला गेली तेव्हा हाडात उतरलेला. माझी माय केमोमुळे गेली नाही. केमोने तिला बिबडे घालण्याइतकं दीड वर्ष मिळालं.

संपादक (३० मार्च)

उपचारांच्या जाहिराती या धाग्यावर नकोत.

सातपुडा_पायथा (३१ मार्च)

ताई, धागा तुमच्या मायचा आहे, त्यात आपलं गाऱ्हाणं घालतोय म्हणून माफ करा. नंदुरबारकडचा आहे. आईला परवाच गर्भाशयाच्या मुखाचा निघालाय. मुंबई कधी पाहिलेली नाही. राहायचं कुठं, पैशाचं कसं, काहीच कळत नाहीये. रेशनकार्ड केशरी आहे.

बोरीकाठची (३१ मार्च)

भाऊ, माफी कसली. लिहून घ्या.

आधी मुंबईच का, ते विचारा. महात्मा जोतिबा फुले योजना जिथे लागते अशी हॉस्पिटलं धुळे, नाशिककडेही आहेत. २०१२ ला ही योजना जीवनदायी नावाने आली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं धुळं होतं, त्यामुळे तिथल्या आरोग्यमित्रांना कागदं पाठ आहेत. प्रत्येक योजना-हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, डॉक्टरच्या आधी त्याला भेटा. पाच लाखांपर्यंत आहे आता. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे का ते आज बघा. आमच्या मायचं एकीकडे बाई लावलेलं, एकीकडे नव्हतं. चार दिवस त्यात गेले.

टाटालाच जायचं झालं तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा, पेशंट आणि सोबतचे यांची तिथे सोय होते. लगेच जागा मिळेल असं नाही. परळला नाना पालकर समितीचंही रुग्णांसाठीचं सदन आहे. रेल्वेला कॅन्सर पेशंटला उपचारासाठी स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत असते, सोबतच्या एकाला पंचाहत्तर टक्के. त्याचा फॉर्म हॉस्पिटलातून सही-शिक्क्याने मिळतो, पहिल्या फेरीतच मागून घ्या.

सोबत काय न्यायचं: जुन्या मऊ साड्यांचे तुकडे, झाकणाचा तांब्या, पायमोजे, आणि फाइलचा एक झेरॉक्स संच जो कुणाच्याही हातात द्यायचा नाही. भाकरी दोन दिवस टिकते, पोळी टिकत नाही.

तुमच्या आईचा कॅन्सर ज्या जागेचा आहे तो लवकर सापडला तर बरा होणाऱ्यांतला आहे, एवढं मला तिथल्या सिस्टरांनी सांगितलेलं आठवतं. डॉक्टर, बरोबर ना?

गोळी_आणि_काढा (३१ मार्च)

बरोबर. स्टेजवर अवलंबून, पण ऑपरेशनने किंवा रेडिएशन-केमोने पूर्ण बऱ्या झालेल्या पुष्कळ आहेत. भाऊ, रेडिएशन सुरू झालं की मधे खंड पडू देऊ नका. पेरणी असो, लग्न असो. आणि घरातल्या बाकीच्या तीस वर्षांपुढच्या बायांना सरकारी दवाखान्यात तपासून आणा. व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावून गर्भाशयाचं मुख बघतात, पाच मिनिटांचं काम. टाटाच्याच लोकांनी मुंबईच्या वस्त्यांत दीड लाख बायांवर हे करून पाहिलं, मृत्यू एकतीस टक्क्यांनी कमी झाले.

केळीचं_पान (१ एप्रिल)

मी रावेरकडची, लेवा. बोरीकाठच्या ताई, तुमच्या डब्यावर कुणी बोलतच नाहीये म्हणून मी बोलते.

तळा आणि खा. बिबडे खाण्यासाठी घालतात. बाई चटके खाऊन घालते ते काय पोरांनी त्याचं देव्हाऱ्यात नेऊन ठेवावं म्हणून? माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा लोणच्याची बरणी अर्धी होती. नणंदेने नेली, कपाटात ठेवली, बुरशी आली, शेवटी पुरली. मला आजही त्या लोणच्याचं वाईट वाटतं, सासूबाईंचं नंतर वाटतं. (त्या होत्याही तशा.)

दोन वर्षं म्हणजे बघा जरा. खवट वास आला, जाळी दिसली तर मात्र नको.

वरणबट्टी (१ एप्रिल)

मला केळीच्या पानाचं पटत नाही. सगळे खाल्ले की संपलं ना.

केळीचं_पान (१ एप्रिल)

मग गोधडी का वापरता, भाऊ? झिजतेच की ती.

वरणबट्टी (२ एप्रिल)

बरं.

जळगाव_४५_डिग्री (२ एप्रिल)

शेवटच्या दिवसांतलं दुखणं कसं सांभाळलंत ते लिहाल का? आमच्याकडे वडिलांचं चालू आहे. मॉर्फीन द्यायचं म्हणतात, आत्या म्हणते नशा लागेल, माणूस लवकर जाईल.

बोरीकाठची (३ एप्रिल)

यावर लिहायचं टाळलं होतं.

आम्हीही हेच म्हटलं. पंधरा दिवस म्हटलं. त्या पंधरा दिवसांत माय रात्री उशी दाताखाली धरायची, पोरांची झोप मोडू नये म्हणून. मला कशाचा पस्तावा असेल तर त्या पंधरा दिवसांचा. शेवटी पॅलिएटिव्हच्या, म्हणजे दुखणं हलकं करणाऱ्या विभागाच्या, डॉक्टर बाईंनी भावाला समोर बसवून सांगितलं की डोस मापात असला की याने माणूस लवकर जात नाही, आणि दुखण्यासाठी दिलेल्या गोळीचं व्यसनी माणसासारखं वेड लागत नाही. गोळी दर चार तासांनी, घड्याळ लावून. दुखायची वाट बघायची नाही. सोबत पोट साफ व्हायचं औषध रोज, ते विसरलात तर वेगळेच हाल. मॉर्फीनचा कायदा २०१४ ला सैल झालाय, तरी आम्हाला गोळ्या मिळायला तीन तालुके फिरावे लागले. संपायच्या आठ दिवस आधी सोय करा.

पहिल्या गोळीनंतर ती सलग झोपली. उठली आणि म्हणाली, भूक लागनी. आत्याला हे वाचून दाखवा.

जळगाव_४५_डिग्री (३ एप्रिल)

दाखवलं. आज रात्री देतोय.

बोरीकाठची (२१ एप्रिल)

परवा आखाजी झाली. तुम्हाला सांगायचं राहून गेलं म्हणून लिहिते.

मी आदल्या दिवशीच माहेरी गेले. निंबाला झोका होता, पोरी गात होत्या, पारावर माणसांचे पत्ते रंगलेले. घर सोडून सगळं दरवर्षीसारखंच. वहिनीने खापरावरच्या पोळ्या केल्या. खापरावरची पोळी हातावर फिरवून मोठी करायची हे मायचं काम, वहिनीने पहिल्यांदाच एकटीने केलं. दोन फाटल्या, बाकी जमल्या. घागर भरली, वर डांगर (खरबूज) ठेवलं. भावाने उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढत नावं घेतली. पणजोबा, आजोबा, आजी, आणि मग थांबला. मायचं नाव आम्ही कुणी कधी तोंडाने घेतलेलंच नव्हतं. आबा आतून बाहेर आले आणि त्यांनी घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा असेल. आमच्याकडे नवरा-बायको नाव घेत नाहीत.

आगारी टाकायच्या, म्हणजे गेलेल्यांच्या नावाने चुलीत घास द्यायच्या, वेळी मी डबा काढला. जाळी नव्हती, खवटपणा नव्हता, पाला वाळून चुरा झालेला. वरचा एक बिबडा तळला. मधे जाड असल्याने नीट फुललाच नाही, मधला भाग कडक राहिला. तोच पोळी-रसाबरोबर मायच्या नावाने चुलीत दिला. भावाच्या धाकट्याने विचारलं, मोठ्या मायला एकच का? उत्तर कुणाकडे नव्हतं. मग आम्ही ताटागणिक एकेक तळला. आबांना दात नाहीत. त्यांनी कडेचा पातळ भाग खाल्ला आणि मधला जाड तुकडा खिशात टाकला. संध्याकाळी ओट्यावर तो चघळत बसले होते.

गल्लीतली जिजी, मायबरोबर बिबडे थापायची ती, आलीच वासावर. एक खाल्ला. म्हणाली, ‘मीठ बरोबर शे.’ मग म्हणाली, ज्वारी भिजवा, पुढच्या रविवारी मी येसू.

भिजवली आहे. माझा घाटा पातळ होणार हे तिने आत्ताच सांगून ठेवलंय.

सातपुडा भाऊ, आईचं काय झालं ते कळवा.

डब्यात आता एकतीस उरलेत. मोजून ठेवलेत, कारण धाकटा रात्री उठतो.